मूळ गाडीच चुकीची

दंतवैद्यांनी शेव्हरलेट पूर्ण केली तेव्हा तिचं उजवं मागचं मडगार्ड चेपलेलं होतं. हा अपघात नव्हता. ते नेमकं तसं चेपायला दंतवैद्यांचे कित्येक रविवार खर्ची पडले होते.

गाडी सत्तावन्न सालची, अमेरिकन, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख असलेली. लांबी मात्र वीतभर, कारण ती मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याची होती. खोक्यातून येणारे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून अशा गाड्या करायच्या, हा दंतवैद्यांचा छंद. क्रोमच्या पट्ट्यांसाठी ते चंदेरी वर्ख लावत, इंजिनातल्या वायरींसाठी टाके घालायचा दोरा वापरत, आणि डॅशबोर्डावरचे काटे रंगवायला दिवसभर लोकांच्या दाढा टोकरणारी तीच अणकुचीदार सळई घेत. सळई दरवेळी उकळली जात असे, हे रुग्णांच्या समाधानासाठी इथेच नमूद केलेलं बरं.

ही गाडी एकेकाळी खरोखरच त्यांच्या घरी होती. घेतली वडिलांनी, पण चालवायची आई. वडील मागच्या सीटवर बसून पेपर वाचायचे. आईने शिकायला सुरुवात केली त्याच आठवड्यात गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबावर घातली आणि मडगार्डला पोचा पाडला. वडील दुरुस्तीला न्यायला निघाले तर आईने साफ नकार दिला. राहू दे, म्हणाली, लोकांना कळू दे गाडी कोण चालवतं ते.

ती शेव्हरलेट केव्हाच भंगारात गेली होती. आईने ऐंशी ओलांडली होती, आवाज मात्र अजून भर रस्त्यात हॉर्नची गरज पडू नये असा होता. मुलाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून ती हुकूम सोडायची. पोचा अजून खाली घे. एवढा खोल नाही रे, मी काय भिंत पाडली होती? ड्रायव्हरच्या सीटवर टॉवेल हवा, उन्हाने सीट तापायची. शेवटी एकदाचा पोचा जमला तेव्हा तिने त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आजचा दिवस माझ्याजवळ राहू दे हिला."

एवढ्यावर कोणाही शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण दंतवैद्यांना ढाल हवी होती.

दरवर्षी सर्वोत्तम प्रतिकृतीला बक्षिसाची ढाल द्यायचं लघुवाहन अभ्यासक मंडळ. त्याचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. दुकानदारांची वजनं कमी भरतात हे शोधण्यात हयात गेल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू थोडी कमीच भरते, अशी त्यांची खात्री झाली होती. परीक्षणाला त्यांच्या जोडीला एक तज्ज्ञ असत. त्यांनी आयुष्यात एकही गाडी जोडलेली नव्हती, मात्र सगळ्या कंपन्यांची सगळी माहितीपत्रकं त्यांच्या कपाटात होती. जोडणारे सभासद त्यांना चळाचळा कापत.

"मडगार्डची बाह्यरेषा कंपनीच्या माहितीपत्रकाशी जुळत नाही," भिंगातून बघत तज्ज्ञ म्हणाले.

दंतवैद्यांनी सगळी हकिगत सांगितली आणि गाडी चालवणारी बाई बाहेर बसली आहे, असंही सांगितलं. आईला आत बोलावून सन्मानाने खुर्ची देण्यात आली आणि पोच्याचा पुरावा मागण्यात आला.

"पुरावा कसला? मीच पाडलाय."

"आजी, आम्हाला आपल्याबद्दल आदर आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण हा पोचा आपण कंपनीच्या वतीने पाडला होता का?"

"नाही. स्वतःच्या वतीने."

"मग तो अनधिकृत आहे."

समितीने थोडा वेळ कुजबुज केली आणि निर्णय दिला. प्रतिकृती मूळ गाडीबरहुकूम आहे यात शंका नाही, परंतु मूळ गाडीच चुकीची होती. चुकीच्या गाडीची बरोबर प्रतिकृती ही त्या प्रमाणात चुकीचीच ठरते. सबब अर्जदाराने दुरुस्ती करून पुढील वर्षी यावं.

दंतवैद्यांनी मान तुकवली. घरी येऊन त्यांनी पोच्यात रंगारी वापरतात ती लांबी भरली, घासली, वरून रंग दिला. मडगार्ड आरशासारखं झालं. आईने ते एकदाच पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"ही कोणाची गाडी?"

"तुझीच की, आई."

"माझी नाही. हिला कधी कोणी हात लावलेला दिसत नाही."

त्या दिवसापासून तिने अबोला धरला. तिची दाढ दुखू लागली तेव्हा तर ती रिक्षा करून दुसऱ्या दंतवैद्याकडे गेली. ही बातमी रुग्णांमध्ये पसरली. पण दंतवैद्यांनी तेही गिळलं, कारण ढाल आता हाताच्या अंतरावर होती.

पुढच्या वर्षी मात्र मंडळात अंतर्गत सत्यता उपसमिती नेमली गेली होती. बाहेरून दिसतं ते कोणीही करेल, न दिसणाऱ्या भागाचं काय, असा तिचा प्रश्न होता. खऱ्या गाडीच्या सीटखाली स्प्रिंगा होत्या. दंतवैद्यांनी दात सरळ करायच्या तारेच्या केसाएवढ्या स्प्रिंगा आत बसवलेल्या होत्या, आणि तसं त्यांनी अभिमानाने सांगितलंही. उपसमितीने खात्रीसाठी सीट कापली. स्प्रिंगा सापडल्या. तशी शेऱ्यात नोंद झाली आणि कंपनीतून फाटकी सीट कधीच निघत नसे या कारणावरून गाडी बाद झाली. जाता जाता तज्ज्ञांनी गोंदाचा वास घेतला. कंपनी गोंद वापरत नव्हती, वेल्डिंग करत होती. प्लास्टिकला वेल्डिंग कसं करणार, असं दंतवैद्यांनी विचारलं.

"तो प्लास्टिकचा प्रश्न आहे," तज्ज्ञ म्हणाले. "मंडळाचा नाही."

त्यानंतर आलेल्या अहवालाने सगळ्याच शंका मिटवल्या. गाडीत आढळणारे यच्चयावत दोष ती जोडताना निर्माण होतात. जोडण्यापूर्वी तिच्यात एकही दोष नसतो. म्हणून यापुढे ढाल फक्त निर्दोष वर्गाला, म्हणजे कारखान्यातून आलेल्या न उघडलेल्या खोक्याला.

सभासदांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. डोळे वाचले, पाठी वाचल्या, कामाच्या टेबलांवर इस्त्रीचे कपडे ठेवता येऊ लागले. सभांमधून वरच्या पारदर्शक वेष्टणाला किती सुरकुत्या क्षम्य आहेत यावर हातघाईवर येऊन चर्चा झडू लागल्या. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय खोक्याजवळ जायला बंदी झाली. अध्यक्ष स्वतःच्या तराजूवर प्रत्येक खोकं तोलून घेत. जोडलेल्या गाड्या पाण्याच्या पिंपाशेजारी एका फळीवर मांडून वर पाटी लावण्यात आली, 'हस्तक्षेपग्रस्त'.

दंतवैद्यांनीही शेव्हरलेटचं एक नवंकोरं खोकं आणलं, नाव नोंदवलं आणि खोकं दवाखान्यातल्या कपाटात ठेवलं. येता-जाता ते दिसे आणि बोटं शिवशिवत. एका दुपारी खुर्चीतल्या रुग्णाचा जबडा बधिर व्हायची वाट बघता बघता त्यांचा धीर सुटला. सळईने वेष्टणाची खालची घडी अलगद उचलून त्यांनी सगळे भाग बाहेर काढले. रुग्णाने डोळे विस्फारले, पण त्याला बोलता येत नव्हतं.

दार लावून त्यांनी गाडी जोडली. पोचा पाडायला या खेपेला वेळ लागला नाही. कोणाला काही न दाखवता ती थेट आईसमोर नेऊन ठेवली. आईने चष्मा लावला, मडगार्डवरून बोट फिरवलं, आत डोकावून पाहिलं.

"टॉवेल विसरलास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या खुर्चीत येऊन बसली आणि तोंड उघडून म्हणाली, "बघ रे ही दाढ. त्या दुसऱ्याला काही जमलेलं नाही."

राहिलं रिकामं खोकं. नाव मागे घ्यायचं तर कारण द्यावं लागलं असतं. दंतवैद्यांनी त्यात प्लास्टरचे जुने जबडे भरले, वजन जुळवलं आणि वेष्टण गरम पट्टीने पुन्हा चिकटवून टाकलं.

त्यांना ढाल मिळाली. एकाही भागाला मानवी स्पर्श झालेला नाही, असं अध्यक्षांनी भाषणात सांगितलं. चहाच्या वेळी त्यांनी अध्यक्षांना कोपऱ्यात गाठलं आणि आत गाडी नाही, हे सांगून टाकलं.

अध्यक्षांनी शांतपणे चहा ढवळला. "आत काय आहे हे ठरवायला खोकं उघडावं लागेल. उघडलं की ते बाद. आणि बाद खोक्यात काय आहे याच्याशी समितीचा संबंध येत नाही." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या खोक्यात साबणाच्या वड्या आहेत, डॉक्टर. वजन मात्र काट्याला काटा. गाडी घरी जोडतोय, कडी लावून. ते क्रोमचं तुम्ही कसं करता हो?"

दंतवैद्यांनी त्यांना वर्ख लावायची युक्ती सांगितली. इतक्यात तज्ज्ञ जवळ आले, तसे दोघे हवापाण्याबद्दल बोलू लागले. तज्ज्ञांच्या नखाखाली निळा रंग होता.

रविवारी प्रदर्शन लोकांना खुलं झालं. पिंपाशेजारच्या फळीपाशी फक्त तहानलेले लोक जात होते. पहिल्या क्रमांकाच्या खोक्यापुढची रांग मात्र जिन्यावरून उतरून रस्त्यापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेत तुम्हीही होतात. तुमची पाळी आली तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही वाकलात, बंद खोक्याकडे बराच वेळ बघत राहिलात आणि मागच्या माणसाला हलक्या आवाजात म्हणालात, काय बारकावे आहेत. मग ढाल घेऊन उभ्या असलेल्या दंतवैद्यांना तुम्ही मनापासून विचारलंत, एवढं नाजूक काम करताना तुमचे डोळे दुखत नाहीत का?