फुमिको-सानचं गाणं

फुमिको-सान वारल्या त्यानंतर पंधरवड्याने त्यांचं गाणं कुंदाताई रिसबुडांकडे राहायला आलं.

सकाळची वेळ होती. कुंदाताईंनी दार उघडलं तर गाणं पायपुसण्यावर उभं. त्याने आधी वाकून नमस्कार केला, मग हातातल्या दोन छत्र्या कोपऱ्यात टेकवल्या आणि चपलांच्या रांगेला धक्का न लावता आत आलं. पुण्यात तेव्हा कडक ऊन होतं, पण गाण्यात दोन छत्र्या होत्या आणि त्या घेतल्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नसे.

कुंदाताईंनी त्याला लगेच ओळखलं. न ओळखायला काय झालं? फुमिको-सानचे यजमान पिंपरीकडच्या एका कारखान्यात होते, तेव्हा दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात गाण्याचं यंत्र लागायचं. पडद्यावर शब्द सरकत, मागे वाद्यं वाजत, आणि जपानी बायका आळीपाळीने माईक हातात घेत. कुंदाताई तिथे एकट्याच मराठी. जपानी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे त्यांना कुणी परकं मानत नसे. जपानला परतताना फुमिको-साननी ते यंत्र त्यांनाच देऊन टाकलं. तेव्हापासून ते कुंदाताईंच्या दिवाणखान्यात क्रोशाच्या रुमालाखाली होतं.

या गाणाऱ्या मंडळींत एक रीत असते. प्रत्येकीचं एक हक्काचं गाणं ठरलेलं असतं. ते दुसरीने म्हणायचं नाही. म्हटलं तर कुणी भांडत नाही, हसून टाळ्याच वाजवतात, पण ते दुसऱ्याच्या ताटातला पदार्थ उचलून खाल्ल्यासारखं असतं. फुमिको-सानचं गाणं दोन छत्र्यांचं. एक बाई नवऱ्याला घ्यायला पावसात धक्क्यावर जाते, त्याच्यासाठी वेगळी छत्री नेते, आणि बोट रिकामी येते. तीन कडवी. कुंदाताईंना ते अक्षरन् अक्षर पाठ होतं. त्यांनी ते कधी गुणगुणलंसुद्धा नाही.

"चहा?" कुंदाताईंनी विचारलं.

"साखर नको," गाणं म्हणालं आणि खुर्चीत बसलं. त्याने खुर्ची भरली असं काही म्हणता येणार नाही, पण दुसरं कुणी तिथे बसू शकलं नसतं.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी चिंचोरे आले. नवीन माणूस आल्याचं त्यांना वॉचमनकडून कळलं होतं.

"भाडेकरू की पाहुणे, कुंदाताई?"

"गाणं आहे. जपानी."

चिंचोऱ्यांनी चष्मा सारखा केला. "बाई की पुरुष?"

"बायकांचं गाणं आहे."

"मग ठीक. गेल्या वर्षी सी विंगमध्ये एक पोवाडा उतरला होता, पार्किंगमध्ये फार त्रास झाला." त्यांनी गाण्याकडे पाहून हात जोडले. "पाहुणे असतील तर महिनाअखेरपर्यंत हरकत नाही. पुढे राहायचं तर घरचं असावं लागेल. नियम माझा नाही, सर्वसाधारण सभेचा आहे."

"घरचं व्हायला काय लागतं?" गाण्याने मराठीत विचारलं. फुमिको-सानबरोबर मंडईत जाऊन जाऊन त्याला भाजीपुरतं मराठी येत होतं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्हाला फक्त कळवा," चिंचोरे म्हणाले आणि गेले.

चिंचोऱ्यांपेक्षा गाण्याचा स्वतःचा नियम कडक होता. तो त्याने संध्याकाळी समजावून सांगितला. हक्काच्या गाण्याची मालकीण गेली की गाणं पोरकं होतं आणि झिजायला लागतं. त्याच्या तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ प्रवासातच गळून गेली होती. वेळेत कुणी त्याला आपलं म्हणून गायलं नाही, तर ते सगळ्या यंत्रांवरून उतरतं, आणि ते कधी काळी होतं हेही कुणाला आठवत नाही.

"मी म्हणते ना," कुंदाताई पटकन म्हणाल्या. "आत्ता म्हणते."

"थांबा," गाणं म्हणालं. "देवघेव दोन तऱ्हांची असते. मालकीण हयात असताना दुसरीने गायलं, मालकिणीने ते ऐकून शेवटी टाळी वाजवली, तर गाणं मालकिणीचं सगळं सोबत घेऊन जातं. तिचा आवाज, तिचं हसणं, सगळं. मालकीण गेल्यानंतर गायलं तर गाणं रिकाम्या हाताने जातं. तुम्ही मला म्हटलंत की मला फुमिको-सान आठवणार नाहीत."

कुंदाताईंनी हातातला कप खाली ठेवला.

त्यांना तो फोन आठवला. आठवला कसला, विसरल्याच कधी होत्या? फुमिको-सानच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज गेलेला, नुसती कुजबुज ऐकू येत होती. "कुंदा-सान, आज माझं गाणं तुम्ही म्हणा," त्या फोनवर म्हणाल्या. आणि कुंदाताई, आयुष्यभर पोराटोरांना जपानी शिष्टाचार शिकवलेल्या कुंदाताई, म्हणाल्या होत्या, "छे छे, भलतंच काय! ते तुमचं गाणं. तुम्ही बऱ्या व्हा, तुम्हीच म्हणा, मी टाळ्या वाजवते." मग फुमिको-सान म्हणाल्या, "हो, खरंच की. माफ करा." फोन ठेवल्यावर आपण रीत बरोबर पाळली म्हणून कुंदाताईंना बरंसुद्धा वाटलं होतं. त्याच आठवड्यात फुमिको-सान गेल्या.

"त्या मला तुमच्या हवाली करत होत्या," गाणं म्हणालं. त्यात ठपका नव्हता. ठपका त्याच्या चालीतच बसत नव्हता.

"मला कळायला हवं होतं," कुंदाताई म्हणाल्या.

"हो," गाणं म्हणालं.

त्यानंतर कुंदाताईंनी चालढकल सुरू केली. गाणं न म्हणता ठेवलं तर त्याला फुमिको-सान आठवत होत्या, आणि तो मोह आवरणं काही सोपं नव्हतं. रोज संध्याकाळी दोघं बाल्कनीत बसत. फुमिको-सान भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट मागायला शिकल्या तेव्हा घरी येऊन कशा नाचल्या, हे गाण्याने सांगितलं. पहिल्यांदा पुरणपोळी खाल्ली तेव्हा तोंडावर कौतुक केलं आणि रात्री यजमानांना म्हणाल्या की गोड डाळ पोळीत का लपवतात, हेही सांगितलं. कुंदाताई हसत आणि मग डोळे पुसत. जी मैत्रीण इतकी वर्षं समोर बसून नुसतं छान छान म्हणत राहिली, ती त्यांना आत्ता कुठे कळत होती.

पण रोज सकाळी गाणं थोडं कमी झालेलं असे. एके दिवशी तिसरं कडवं पूर्ण गेलं. मग एकदा त्याने विचारलं, "माझ्यात बोट होती का हो?" कुंदाताईंनी होती म्हणून सांगितलं. कोपऱ्यातली एक छत्री पारदर्शक व्हायला लागली होती.

त्या संध्याकाळी कुंदाताईंनी यंत्रावरचा क्रोशाचा रुमाल काढला.

"शिकव," त्या म्हणाल्या.

गाणं खुर्चीत ताठ बसलं. शिकवण्याच्या बाबतीत ते फार काटेकोर होतं.

"पट्टी दोन सुरांनी खाली घ्या. उंच पट्टीत बायका रडतात असं वाटतं. ही बाई रडत नाही, ती वाट बघते. आणि तालावर लगेच उतरू नका, जरा मागे रेंगाळा. बोट अजून यायचीय."

कुंदाताईंनी पहिली ओळ घेतली. लहानपणी त्या शास्त्रीय शिकल्या होत्या. ओळीच्या शेवटी आवाज आपोआप वळला आणि त्यावर आणखी दोन मुरक्या पडल्या.

"हरकत एकच घ्यायची," गाणं म्हणालं. "एवढ्या घेतल्यात तर बाई धक्क्यावरून थेट मैफलीत जाऊन बसेल."

"सवय आहे."

"माईक दोन्ही हातांनी धरा, म्हणजे हात हलणार नाहीत. कुणाच्या तोंडाकडे बघू नका, लांब बघा. शेवटचा शब्द टाकून देऊ नका, हळूच ठेवा. आणि दुसऱ्या कडव्यात 'कासा' या शब्दाआधी श्वास भरून घ्या." कासा म्हणजे छत्री. "फुमिको-सानना तिथे दम पुरायचा नाही. त्या शब्दाच्या मधेच श्वास घ्यायच्या. का, मग श्वास, मग सा. यंत्र दर वेळी गुण कापायचं. तुम्हाला दम आहे, तुम्ही नीट म्हणा."

"बरं," कुंदाताई म्हणाल्या. तो तुटलेला शब्द त्यांनी दर शनिवारी ऐकला होता. शिक्षिकेचा कान दर वेळी तिथे अडखळायचा. पण कधी चूक दाखवली नव्हती.

महिनाअखेरीला त्यांनी यंत्र लावलं. त्याआधी खुर्चीसमोर बसून गाण्याला विचारलं, "तिच्याबद्दल काही राहिलंय का सांगायचं?"

"फोन ठेवल्यावर त्यांनी टाळी वाजवली होती," ते म्हणालं. "तुम्ही म्हटलं नव्हतं, म्हणून ती धरली गेली नाही. पण वाजवली होती."

कुंदाताई उठल्या. पदराने तोंड पुसलं, दोन्ही हातांनी माईक धरला आणि दोन सुरांनी खाली, तालाच्या जरा मागे, लांब समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत त्यांनी गायला सुरुवात केली. हरकत एकच घेतली. दुसऱ्या कडव्यात ती जागा आली. छातीत भरपूर दम होता. तरी त्या 'का' म्हणाल्या, थांबल्या, श्वास घेतला आणि 'सा' म्हणाल्या. यंत्राने गुण कापले. तिसरं कडवं पडद्यावर एकेक शब्द करत परत आलं. शेवटचा शब्द त्यांनी हळूच ठेवला.

वरच्या मजल्यावरून चिंचोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या नियमात बसत नव्हत्या.

गाणं खुर्चीत ताजंतवानं दिसत होतं. दोन्ही छत्र्या ठसठशीत झाल्या होत्या. त्याने घरभर नजर फिरवली आणि कपाटावरच्या, त्या शनिवारांमधल्या एका फोटोपाशी येऊन थांबलं.

"तुमच्या शेजारी या कोण?"

कुंदाताईंना ठाऊक होतं की हे होणार. त्यांनी माईक यंत्रावर ठेवला.

"मैत्रीण होती माझी."

"छान हसताहेत," गाणं म्हणालं. मग अदबीने घसा साफ करून म्हणालं, "कुंदा-सान, एक विचारू? दुसऱ्या कडव्यात 'कासा' मधेच तुटतो. श्वास आधी घेतलात तर नीट येईल. सुधारून घ्यायचं का?"

"नको."

"का?"

"ते तसंच म्हणतात," कुंदाताई म्हणाल्या.

गाण्याने एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "बरं," ते म्हणालं आणि त्याने ते तसंच लक्षात ठेवलं.