सात नगरपालिका आणि एक डॉक्टर

एका जंगलात (आता ते स्पेनमध्ये होतं म्हणून बिचकू नका बाळांनो, तिथेही शेळ्या पालाच खातात) एक तालुका होता. त्यात सात नगरपालिका होत्या. नगरपालिका म्हणजे काय? एक घंटा, एक नगराध्यक्ष आणि शेजारच्या गावाशी जुनं भांडण, एवढं जमलं की झाली नगरपालिका. रहिवासी असलेच तर बरं.

सगळ्यात धाकट्या नगरपालिकेत तीनच रहिवासी होते. रेमेदियोस शेळी, तिचा नवरा फर्मीन बोकड आणि नगराध्यक्ष एउसेबिओ रानडुक्कर. फर्मीनला दम्याने बेजार केलं होतं. चार पावलं टाकली की त्याच्या छातीचा भाता व्हायचा. रेमेदियोसचा जीव टांगणीला लागला होता.

एकदा राजधानीतून पत्र आलं. तालुक्याला एक डॉक्टर मिळेल, कुठे बसवायचा ते तुम्ही ठरवा.

सातही नगराध्यक्ष जमले.

"डॉक्टर आमच्याकडेच!"

"तुमच्याकडे? तुमची तर घंटासुद्धा चिरकी!"

तीन दिवसांनी एकमत झालं. सातही हद्दी जिथे मिळतात, तिथे डॉक्टर बसवायचा. ती जागा होती डोंगराचं टोक.

"अहो, पण हे तिथे चढणार कसे?" रेमेदियोसने एउसेबिओला विचारलं.

"वहिनी, प्रश्न चढाचा नाही, गावाच्या अस्मितेचा आहे."

शेवटी ती एकटीच वर गेली. डॉक्टर करकोचा माशा मारत बसला होता.

"डॉक्टरसाहेब, खाली चला हो. यांना श्वास पुरत नाही."

"येतो की. पण एका गावात पाय ठेवायचा, तर बाकीच्या सहांची लेखी संमती लागते. तुमच्याच नगराध्यक्षांची अट आहे."

रेमेदियोसने सहा गावं पालथी घातली. पाच सह्या मिळाल्या. सहावा नगराध्यक्ष, कोल्हा, म्हणाला, "आमच्या संताचा उत्सव आहे. तो होऊन जाऊ दे." उत्सव आठवडाभर चालला. फर्मीन पाचव्या दिवशीच गेला.

अंत्ययात्रेला सातही नगराध्यक्ष हजर होते. सातही बोलले. रेमेदियोसला धड रडूही येईना, इतका संताप झाला होता तिचा.

वर्षअखेरीस करकोच्याने अहवाल पाठवला. 'वर्षभरात एकच रहिवासी आली. एवढा चढ चढूनही तिला धाप लागली नव्हती. तालुक्याची प्रकृती उत्तम आहे.'

राजधानीने डॉक्टर परत बोलावला आणि तालुक्याला निरोगीपणाचं मानपत्र दिलं. ते कुठे टांगायचं, यावर बैठक अजून चालू आहे.

तात्पर्य : बाळांनो, आजारी पडायची हौस असेल, तर आधी तब्येत ठणठणीत ठेवा.