सातव्या ग्रीनवरची चिवळ

वकिली सोडल्यावर रविकांत यांच्याकडे सल्ला मागायला कुणी येईना. त्यामुळे अमरावतीबाहेरच्या एका लहानशा गोल्फ क्लबाने त्यांना मैदान समितीचे प्रमुख केले, तेव्हा ते पद त्यांनी न्यायमूर्तीच्या नेमणुकीइतके मनावर घेतले. उन्हाळ्यात तिथल्या काळ्या मातीला अशा भेगा पडत, की आत गेलेला चेंडू पुन्हा दिसत नसे. रविकांत यांनी ठराव मांडला. पावसाळाभर मैदान बंद ठेवायचे. प्रत्येक ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, टोचून भोके पाडायची, त्यात रेती आणि शेणखत भरायचे आणि दसऱ्यानंतर अकोल्याच्या खेळाडूंना सामन्याला बोलवायचे. सभासद कुरकुरले, पण रविकांत खटला लढवल्यासारखे बोलले आणि ठराव जिंकले.

खत शेजारच्या वावराचे मालक खुशालराव यांच्याकडून आले. ते पुरते कुजलेले नव्हते. खुशालरावांना हे ठाऊक होते, पण पावसाआधी त्यांना खड्डा रिकामा करायचा होता. रविकांत यांना वास येत होता, पण खत म्हटल्यावर वास यायचाच, असे त्यांना वाटले. दोघेही समाधानाने हात झटकून घरी गेले.

आषाढात सातव्या ग्रीनवर हिरवागार थर चढला. रविकांत मोठ्या आनंदाने पत्नीला तो दाखवायला घेऊन गेले. अनुपमाबाई वाकल्या, एक काडी तोडून त्यांनी चावून पाहिली.

"अहो, ही चिवळ आहे," त्या म्हणाल्या. "डाळ घालून भाजी छान होते."

रविकांत यांनी त्याच दिवशी गवत कापायचे यंत्र फिरवायला लावले. चिवळीचा तुकडा ओल्या मातीत पडला, की तिथेच मूळ धरतो, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. तेच यंत्र पुढे बाकीच्या ग्रीनवरही फिरले. पोळ्यापर्यंत सगळ्या मैदानात चिवळ झाली. खुशालराव मैदान बघायला आले.

"वकीलसाहेब, खत कच्चं होतं, त्यातलं चिवळीचं बी जितं होतं," ते म्हणाले. "मले वाटलं, गोल्फाले चालत असंन."

आता तणनाशकाशिवाय इलाज नव्हता. फवारणीचा पंप भरून तयार झाला, तेवढ्यात खुशालरावांच्या पत्नी गोदाबाई चार बाया घेऊन कुंपणापाशी आल्या.

"फवारू नका, साहेब. इतकी कवळी चिवळ आमच्या वावरातबी कदी आली नाही. आमी उपटून नेतो."

जन्मभर रविकांत यांनी लोकांच्या जमिनींचे वाद लढवले होते, पण त्या जमिनींत काय पिकते, हे त्यांनी कुणाला कधी विचारले नव्हते. आपल्या हातून उगवलेल्या एखाद्या गोष्टीचे कुणी कौतुक करावे, हा अनुभव नवा होता आणि पंचाईत अशी, की तो सुखाचा होता. त्यांनी पंप परत पाठवला.

बायांनी चिवळ मुळासकट उपटली. तिच्याबरोबर उरलेसुरले गवतही गेले आणि जमिनीत खळगे तेवढे राहिले. सामन्याच्या दिवशी नीट मारलेला चेंडू खळग्यात अडखळून भलतीकडे जाई आणि वेडावाकडा मारलेला कधीकधी होलात पडे. अमरावतीकर नीट मारत राहिले आणि हरले. जेवणात चिवळीची भाजी होती. अकोल्याच्या कर्णधार साधनाताईंनी ती दोनदा मागून घेतली आणि मैदानाबद्दल चकार शब्द काढला नाही. तेच रविकांत यांना जास्त लागले.

पुढच्या सभेत त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला. बाजू मांडायची संधी मिळाली, तेव्हा लांबलचक युक्तिवाद ऐकायच्या तयारीने सभासद मागे टेकून बसले. रविकांत म्हणाले, ठराव मला मान्य आहे, फक्त कुंपणालगतचा पडीक तुकडा मला वापरू द्या. सुटकेच्या आनंदात सर्वांनी हात वर केले.

तिथे त्यांनी चिवळीचा वाफा केला. रोज सकाळी अनुपमाबाई चहाचा थर्मास घेऊन त्यांच्यासोबत येऊ लागल्या. पुढच्या पावसाळ्यात समितीचे नवे प्रमुख ललित आपले बोडके ग्रीन बघत बघत तिकडे आले आणि थबकले. वाफ्यात दाट, मऊ, एकसारखे गवत माजले होते, गोल्फाला हवे अगदी तसे. रविकांत मांडी घालून ते मुळासकट उपटत होते.

"कितीही काढलं तरी येतंच मेलं," ते वैतागून म्हणाले. "तुम्हाला काही उपाय ठाऊक आहे का?"