चेंडूकामी राखीव गायरान

नाताळची सुटी कुठे आणि कशी घालवावी, असा प्रश्न सन १८६४ च्या दिवाळीनंतर मॅक्‌नॅब साहेबांना पडला. साहेब वऱ्हाडातल्या सडकांचे काम पाहत. साहेबांना पडलेला प्रश्न सबंध मुलखाला पडला पाहिजे, असा कचेरीचा रिवाज होता. त्यामुळे शिरस्तेदार वामनराव यांनी त्या प्रश्नाच्या नकला करवून गावोगाव रवाना केल्या.

साहेबांना त्यांच्या स्कॉटलंडातला गोल्फ नावाचा खेळ खेळायचा होता. यात एक मोठा माणूस काठीने चेंडू लांब मारतो, मग त्याच्यामागे चालत जातो आणि सापडला की पुन्हा मारतो. चेंडू जमिनीतल्या खड्ड्यात पडला की त्याला समाधान वाटते. असे अठरा वेळा समाधान झाले की खेळ संपतो, आणि जितके फटके कमी तितका मारणारा मोठा. एवढ्यासाठी सुटी कशाला लागते, हे वामनरावांना कळले नाही. पण कळणे हे त्यांच्या कामात मोडत नव्हते. त्यांनी हुकूम लिहिला: "साहेब बहादूर यांचे सुटीतील चेंडूकामी मैदाने पसंत करणे आहे. मौजे मजकुरी हिरवे गवत आहे किंवा कसे. अठरा खड्डे आहेत किंवा कसे. नसल्यास आजवर का नाहीत, याचा खुलासा करावा." खड्डा केवढा असावा, हे लिहायचे राहून गेले.

हुकुमाच्या पुढे त्याची बातमी पोचली. साहेब ज्या गावी खेळतील तिथवर त्यांची बग्गी जाण्यासाठी पक्की सडक होणार, अशी ती बातमी होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्या कापसावाचून अडल्या होत्या आणि वऱ्हाडात बांधावर, अंगणात, गोठ्यामागे, जिथे माती दिसेल तिथे लोकांनी कापूस पेरला होता. सरकी तेवढी सोन्याची व्हायची राहिली होती. मात्र काळ्या मातीत गाडीचे चाक आसापर्यंत रुतायचे आणि कापूस अमरावतीच्या बाजारात पोचायच्या आत दुसऱ्या गावचा विकून व्हायचा. तेव्हा सडक हवी होती, आणि त्यासाठी चेंडू तर चेंडू.

अर्ज आले. अकोल्याच्या जुन्या शहराने कळवले की मोर्णा नदीकाठी मैदान आहे, वाळू मुबलक आहे, खड्डे खुद्द रस्त्यांतच असून त्यांची मोजणी अद्याप चालू आहे. परतवाड्याने हवा थंड असल्याचे आणि वाघ माफक असल्याचे लिहिले. वलगावचे पाटील नत्थुजी यांनी मात्र काहीच लिहिले नाही. ते कामाला लागले.

वलगावात न पेरलेली जमीन एकच उरली होती, ती म्हणजे गायरान. नत्थुजींनी तिला काट्यांचे कुंपण घातले, फाटकावर कोतवाल बसवला आणि गुरांना मनाई केली. पहिला सवाल घरातूनच आला. नत्थुजींच्या पत्नी गोदाबाई यांनी चांद्या आणि बुध्या ही बैलजोडी वासरे असल्यापासून आपल्या हाताने वाढवली होती, आणि चांद्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

"मंग बैल कोठी चारू?" त्यांनी विचारले.

"सडक झाली का बैलाइले आरामच हाय," नत्थुजी म्हणाले.

"खाले नाई भेटलं तं त्याच्या आंधीच आराम होते त्याइले."

नत्थुजींना हा विचार फार आखूड वाटला. गावाचे कल्याण करताना घरचा विरोध व्हायचाच, असे म्हणून ते खड्ड्यांकडे वळले.

आता वऱ्हाडातला माणूस जमिनीत खड्डा करतो तो ज्वारी साठवायला. त्याला पेव म्हणतात. पेव पुरुषभर खोल असते, आतून शेणामातीने सारवलेले असते आणि ओल लागू नये म्हणून त्याला कडब्याचे अस्तर देतात. साहेबाचा चेंडू ज्वारीपेक्षा मोलाचा असणार हे उघड होते. म्हणून वलगावाने गायरानात अठरा पेवे खणली. साहेबाची नजर चुकू नये म्हणून तोंडे गाडीच्या चाकाएवढी ठेवली आणि चेंडूला ओल लागू नये म्हणून कडब्याचे अस्तरही दिले. गुरांसाठी ठेवलेला गावातला शेवटचा कडबा त्या कामी लागला.

राहिले हिरवे गवत. मार्गशीर्षात गवत हिरवे असत नाही, हे नत्थुजींनी वामनरावांच्या कानावर घातले. त्यावर वामनरावांनी विचारले की हे गवत कोणाच्या परवानगीने वाळले. तेव्हापासून गायरानालगतच्या विहिरीवर मोट सुरू झाली. मोटेला चांद्या-बुध्याची जोडी जुंपली. बैलांनी दिवसभर मोट ओढायची, पाणी गवताला जायचे, गवत हिरवेगार व्हायचे आणि बैलांनी ते लांबून पाहायचे, अशी व्यवस्था लागली. व्यवस्था म्हणून तिच्यात काही खोट काढता येत नव्हती.

एका दुपारी चांद्या मोटेवरच बसला. गोदाबाईंनी त्याची मान कुरवाळली, त्याला कसाबसा उठवला, दोन्ही बैल सोडले आणि कोतवालाकडे एकदाही न बघता फाटक उघडून त्यांना आत घातले. ते मैदानाच्या मधोमध उभे राहून खाऊ लागले. कित्येक दिवसांत गोदाबाईंना इतके बरे वाटले नव्हते.

कोतवालाने वर्दी दिली. नत्थुजी धावत आले. राखीव गवतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे, हा त्यांनीच काढलेला हुकूम होता. त्यांनी बैल ओळखले, आणि तरीही बैल कोणाचे आहेत याची पंचांसमक्ष चौकशी केली. बैल नत्थुजी पाटलांचे निघाले.

"घरच्या बैलाइले कोंडता तुमी?" गोदाबाईंनी विचारले.

"घरी मी मालक हावो. इथी पाटील हावो."

"मंग हे बैलाइले समजावून सांगा. मले नाई समजत."

बैलांना समजावण्याची हुकुमात तजवीज नव्हती. ते कोंडवाड्यात गेले. तिथे चारा नव्हता, कारण चारा पेवांत होता. पेवांतला कडबा काढावा अशी गोदाबाईंची मागणी नत्थुजींनी साहेबांची पाहणी होईपर्यंत राखून ठेवली. चांद्या त्याआधीच गेला. नत्थुजी रडले. घरी रडले; चावडीवर रडले नाहीत.

साहेब नाताळात आले. अकोल्याचे मैदान त्यांनी पाहून टाकले होते. तिथे त्यांचे चेंडू मोर्णेच्या वाळूत गेले ते गेलेच. परतवाड्याला खेळ रंगात आला असता माफक वाघांपैकी एक दिसला. वलगावात त्यांनी पहिला चेंडू मारला तो भलतीकडे गेला, आणि भलतीकडेच एक पेव असल्यामुळे धप्पकन आत पडला. दुसराही पडला. एवढाल्या तोंडांतून चेंडू न पडणेच अवघड होते. दर खेपेस कोतवालाला दोराने आत सोडायचे, त्याने कडब्यातून चेंडू शोधायचा आणि वर येऊन साहेबांना मुजरा करायचा. साहेबांचा खेळ इतक्या थोड्या फटक्यांत संपला की तसा तो स्कॉटलंडात त्यांच्या बापजाद्यांचाही कधी संपला नव्हता. त्यांनी टोपी काढली आणि वलगावचे मैदान हे आपण पाहिलेल्या सर्व मैदानांत श्रेष्ठ असल्याचे तिथल्या तिथे लिहून दिले. यापुढची प्रत्येक सुटी इथेच, असेही ठरले.

पुढच्या पावसाळ्याआधी सडक झाली. बातमी अक्षरशः खरी ठरली. सडक साहेबांच्या बग्गीसाठी होती, आणि गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी पट्ट्यांनी ती खराब होते म्हणून तिच्यावर बैलगाड्यांना मनाई झाली. वलगावच्या गाड्या सडकेच्या कडेने चिखलातून, सडकेकडे बघत जाऊ लागल्या. ज्यांचे बैल तगले होते त्यांच्या, अर्थात. तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती; कापसाचे भाव कोसळले आणि गाड्यांत भरण्याजोगे काही उरले नाही, त्यामुळे तक्रारही मिटली.

त्या साली गावात ज्वारी नव्हती. गोदाबाई एकदा फाटकाशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, "अठरा पेवं हायेत गावात. भराले एक पायली दाना नाई."

नत्थुजींनी हे ऐकले की नाही, सांगता येत नाही. साहेब खेळताना खड्ड्यापाशी खुणेचा झेंडा धरून उभे राहण्याचा मान त्यांना मिळाला होता, आणि सोयऱ्यांना गायरान दाखवायला ते त्याच वेळी निघाले होते. कुंपणाबाहेरूनच दाखवत, एरवी आत जायची त्यांनाही परवानगी नव्हती.

वलगावकरांना आपण खुशाल हसावे. फक्त हसून झाल्यावर आपल्या गावातली ती हिरवळ आठवून पाहावी, जिला कुंपण आहे, पहारा आहे आणि फाटकावर पाटी आहे. आपण ती पाटी वाचतो, बाहेरच्या खड्ड्यांतून मुकाट वळसा घालतो आणि पाहुणे आले की त्यांना मुद्दाम त्याच रस्त्याने घेऊन जातो.