जांबूबाईचा पगार

मुलांनो, एका जंगलात एक अस्वलीण राहत होती. ‘राहत होती’ असं म्हणायची आपली पद्धत आहे. खरं तर तिला राहायला जागाच मिळत नव्हती, आणि गोष्ट तीच आहे.

तिचं नाव जांबूबाई. ती सिंहाच्या दरबारात नोकरीला होती. काम सोपं होतं. सिंह गुहेबाहेर आला की ‘महाराजांचा विजय असो!’ असं ओरडायचं. महाराज शिकार करून आले तरी ओरडायचं. रानडुकराचा मार खाऊन आले तरी ओरडायचं. मार खाऊन आले असतील तर जरा जास्तच ओरडायचं.

पुष्कळ वर्षं ओरडून जांबूबाईचा घसा बसला. तिने नोकरी सोडली. नोकरीबरोबर दरबारची गुहाही सुटली.

पण जांबूबाई उधळी नव्हती. पगाराचा मध ती थोडा चाटायची आणि बाकीचा रांजणात भरून ठेवायची. असे सात रांजण साठले होते. एका रांजणात वर्षभराचं भाडं, खाणंपिणं आणि सणवार आरामात भागले असते.

“आता एक छोटीशी गुहा भाड्याने घेईन,” ती म्हणाली, “आणि कुणाचाही विजय न करता सुखाने राहीन.”

हसू नका, मुलांनो. मोठ्या माणसांनाही असं वाटतं.

टेकडीवरच्या सगळ्या गुहा गुलाबराव तरसाच्या मालकीच्या होत्या. त्या त्यांनी खोदल्या नव्हत्या. ते फक्त एकदा त्यांच्या दारात येऊन बसले होते आणि उठले नव्हते. मालकी बऱ्याचदा अशीच येते.

“नोकरी कुठे?” गुलाबरावांनी विचारलं.

“सोडली.”

“मग महिन्याला मध किती येतो?”

“येत नाही. आलेला आहे. सात रांजण.”

गुलाबरावांनी रांजण पाहिले. पंजा बुडवून चाटूनही पाहिला. “मध उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण येत कुठे आहे?”

“अहो, असलेला संपायलाच सात वर्षं लागतील.”

“म्हणजे संपणारच की!”

“बरं, दोन वर्षांचं भाडं आत्ताच देते. मग तर झालं?”

गुलाबराव दचकून मागे सरकले. “एकदम? चांगल्या घरातलं जनावर असं एकदम देत नाही हो, बाई. कुणाचं पोळं फोडलंत?” मग ते जरा समजुतीने म्हणाले, “आणि तुम्हाला नोकरी नाही. म्हणजे दिवसभर तुम्ही घरातच असणार. गुहा झिजते.”

ती गुहा एका माकडाला मिळाली. माकड दरबारात पंखा हलवायचं. त्याला सहा महिने पगार मिळाला नव्हता, पण ठरलेला होता. अनामत द्यायला त्याच्याकडे मध नव्हता. तो त्याने जांबूबाईकडूनच उसना नेला.

जांबूबाई एका जांभळीखाली रांजण मांडून बसली. मुंग्या आल्या. ती त्यांना फुंकर मारून उडवायची, त्या पुन्हा यायच्या. येणारीजाणारी जनावरं कुजबुजायची, “बघा, एवढा मध आणि उघड्यावर. काहीतरी भानगड असणार.” आयुष्यभर ज्या रांजणांकडे बघून तिला धीर यायचा, त्यांची आता तिला लाज वाटू लागली. ती त्यांच्यावर पाला टाकू लागली.

शेजारच्या बिळात भिका नावाचं एक साळिंदर राहायचं. भिकाकडे अंगावरच्या काट्यांखेरीज काही नव्हतं.

“जांबूअक्का,” भिका म्हणाला, “गुलाबरावाला तुझा पगारच बघायचा आहे ना? मी देतो.”

“तुझ्याकडे मध कुठाय?”

“तुझ्याकडे आहे की!”

जांबूबाईला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती पोट धरून हसली. दोघांनी मिळून रांजण भिकाच्या बिळात नेले. पौर्णिमेला भिका गुलाबरावांसमोर उभा राहिला. त्याने मधाचं गाडगं जांबूबाईच्या हातात दिलं आणि मोठ्याने म्हणाला, “घ्या जांबूबाई, तुमचा पगार.”

“काम काय करतात या?” गुलाबरावांनी विचारलं.

“माझ्या काट्यांची मोजदाद ठेवतात. कायमची नोकरी आहे.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं!” गुलाबराव म्हणाले, आणि त्यांनी पुढची गुहा झाडून दिली.

जांबूबाई गुहेत शिरली. आत गार होतं. एकही मुंगी नव्हती. तिने खडकाला पाठ घासली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण गुलाबरावांना भिका फारच आवडला. पगार घेणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. देणारा पहिलाच! ते त्याला ‘भिकाजीशेठ’ म्हणू लागले. टेकडीवरची सगळ्यांत मोठी गुहा त्यांनी त्याला अनामतीशिवाय दिली. भिका रांजणांसकट तिथे राहायला गेला. तो काटे फुलवून चालू लागला. वाटेत कुणी भेटलं तर फक्त मान हलवायचा.

एका पौर्णिमेला त्याने अर्धंच गाडगं दिलं.

“हे काय रे?” जांबूबाईने विचारलं.

“मंदी आहे, जांबूबाई.” अक्काची आता बाई झाली होती. “शिवाय तुम्ही कामावर कुठे येता? माझे काटे मोजायचे पडून आहेत.”

“भिका, शुद्धीवर आहेस ना? तो मध माझा आहे!”

“मध तुमचाच आहे,” भिका शांतपणे म्हणाला. “पगार माझा आहे.”

जांबूबाई धावत गुलाबरावांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “शेठशी भांडू नये, बाई. रोज वेळेवर काटे मोजायला जा. पटत नसेल तर राजीनामा द्या. आणि देताना गुहाही रिकामी करा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जांबूबाई भिकाच्या गुहेत गेली आणि रांजणांपुढे मांडी घालून बसली.

“मोजायला आलात का?” भिकाने पाठ वळवून विचारलं.

“राजीनामा द्यायला आले,” असं म्हणून तिने पहिल्या रांजणात तोंड घातलं.

भिकाने काटे उभारले. तो ओरडला, आपटला, तिच्या अंगावर धावून गेला. पण मुलांनो, अस्वल मध खात असताना त्याला काटे टोचत नाहीत. तिने दुसरा रांजण संपवला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत तिने शेवटच्या रांजणाचा तळ चाटला, ढेकर दिली, डुलत डुलत आपल्या गुहेत आली आणि दारातच आडवी झाली. तिला गाढ झोप लागली.

आता तिच्याकडे पगार नव्हता. मधही नव्हता.

भाड्याची वेळ आली. गुलाबराव म्हणाले, “बाई, भाडं!” आतून घोरणं ऐकू आलं. त्यांनी तिचा कान ओढला. जांबूबाईने झोपेतच एक पंजा मारला आणि गुलाबराव घाणेरीच्या झुडपात जाऊन पडले.

ते दरबारात गेले. सिंहाने तारीख दिली. मग पुढची तारीख दिली. शेवटी निकाल लागला. “भाडेकरूला आधी नोटीस वाचून दाखवावी. ती तिने जागेपणी ऐकावी. मग तिला बाहेर काढावं.”

“तिला जागं कोण करणार, महाराज?” गुलाबरावांनी विचारलं.

सिंहाने वाघाकडे पाहिलं. वाघाने लांडग्याकडे पाहिलं. लांडग्याला एकदम घरचं काम आठवलं.

तेव्हापासून गुलाबराव रोज सकाळी आपल्याच गुहेसमोर उभे राहून नोटीस वाचतात. अगदी हळू आवाजात. ती जागी झाली तर काय घ्या!

तात्पर्य : घर मिळेपर्यंत खरं बोलू नये, आणि मिळाल्यावर जागं होऊ नये. बचत मात्र अवश्य करावी. पण ती पोटात ठेवावी. तिथे तिची चौकशी कुणी करत नाही.