हळू खाली

लघवी अडते म्हणून क्रेनवाल्या बाईंना तपासलं, तर खडा नाही, गाठ नाही, वाटही अरुंद नाही. वाटेवरचा स्नायूच सैल पडायचं विसरला होता. चाळीस मीटर उंच केबिनमध्ये एकदा चढलं की काम संपेपर्यंत उतरायचं नाही, हा बाईंचा अठरा वर्षांचा बाणा. स्नायूनं तो असा पाळला, की डॉक्टरीणबाई रिपोर्टकडे बघतच राहिल्या.

वाट रुंद करायचा प्रश्नच नव्हता. गोळ्यांनी महिनाभरात फरक पडला नाही. मग उरले दोन उपाय: स्नायू सैल सोडायची शिकवणी, नाहीतर रोज स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करणं. नळी आली की केबिन सुटली, असं बाईंनी धरूनच ठेवलं होतं. आज शिकवणीचा शेवटचा तास होता.

अंगावर चादर, चादरीखाली वायरी, समोर पडद्यावर स्नायूचा ताण दाखवणारी हिरवी रेघ. शिकवणाऱ्या ताईंनी सैल सोडायला सांगितलं, की रेघ वर जायची. बाईंनी मनातल्या मनात स्नायूला दम भरला, तशी ती थेट माथ्याला टेकली. इतकी ताकद ताईंनी आजवर पाहिली नव्हती.

कोपऱ्यात नवरा उभा होता. हा बाईंचा खालचा माणूस. तो जमिनीवरून हातानं खुणा करायचा आणि त्यावर बाई वर माल हलवायच्या.

"अहो, मूठ कशाला धरलीय?" बाईंनी विचारलं.

त्यानं छातीशी धरलेल्या मुठीकडे पाहिलं. "काळजीनं गं."

"मूठ म्हणजे थांब. मग मी सोडू कशी?"

तो ओशाळला. मूठ उघडून त्यानं तळवा पालथा केला आणि काचांची पेटी उतरवताना करायचा तसा हळूहळू खाली नेला. रेघही खाली आली, जराही न थरथरता, पार तळापर्यंत. ताई लिहायच्या थांबल्या. आपल्या हातानं फक्त लोखंड हलतं असं समजणाऱ्या त्या माणसाचे डोळे भरून आले.

नळी टळली. सोमवारी बाई पुन्हा केबिनमध्ये चढल्या. भर दुपारी त्यानं तळवा खाली नेला आणि काचांची पेटी अलगद जमिनीला टेकली. मग त्यानं वरची खूण केली. क्रेन हलेना. पुन्हा केली. त्यानं मान वर करून पाहिलं, तर केबिन रिकामी आणि बाई शिडीवरून भराभर उतरतायत. सगळे मजूर काम सोडून बघत राहिले. अठरा वर्षांत हे कुणी पाहिलं नव्हतं.

"आजपासून ती खालची खूण बदला," संडासाकडे जाता जाता बाई म्हणाल्या.

त्यानं दोन्ही हात खिशात घातले.