देवस्थळींची मासोळी

आमचे शेजारी देवस्थळी दर रविवारी समुद्रावर जातात आणि जगावर चिडून परत येतात. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, कानात हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर. लोक पोहतात, हे वाळू हुंगत फिरतात. तेही आम्ही राहतो त्या हेन्डरसनजवळचे किनारे सोडून पार पूर्वेला जाऊन, कारण "आपल्या हेन्डरसनकडच्या काळ्या वाळूत लोखंड हो! मशीन नुसतं बोंबलतं."

संध्याकाळी आमच्या डेकवर मुद्देमाल मांडला जातो. किल्ल्या, नाणी, चमचे. प्रत्येक वस्तूमागे एक "बेजबाबदार!" किल्ली हरवणारा बेजबाबदार, चमचा हरवणारा महाबेजबाबदार. हे गृहस्थ ईस्ट टामाकीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतात. लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात ओरडायला कोणी नाही, म्हणून आमच्यावर ओरडतात. माझा रविवार काय रस्त्यावर पडलाय?

एकदा चांदीची अंगठी सापडली. काळीठिक्कर, चेपलेली, टोकं फाकलेली, वर इवलासा मासा.

"कुणा मासेमाराची असणार. अंगठी सांभाळता येत नाही, मासे काय पकडणार? बेजबाबदार!"

मग दुरुस्ती सुरू झाली आणि तिची झळ आम्हाला बसली. रिठे आमचे, टूथब्रश माझा, तोही रोजच्या वापरातला, आणि लाटणं माझ्या बायकोचं, शुभदाचं, पुण्याहून आणलेलं. लाटण्याच्या निमुळत्या टोकावर अंगठी चढवून देवस्थळी तासन्‌तास लाकडी हातोडीने ठोकत बसायचे. तोवर शुभदा बाटलीने पोळ्या लाटत होती. त्या पोळ्यांबद्दल मी बोलत नाही.

शेवटी फाकलेली टोकं डाग देऊन जोडली आणि झळझळीत अंगठी शुभदासमोर धरली.

"काका, ही मासोळी आहे!"

"मासाच आहे म्हणतोय मी."

"अहो, पायातली! लग्नात घालतात. बोटाला बसावी म्हणून फट मुद्दाम ठेवतात. बुजवलीत कशाला?"

"मग सोनाराने तसं सांगायला नको?" देवस्थळी तिच्यावरच भडकले. "बेजबाबदार!"

फट पुन्हा कापली. पण आता त्यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. मासोळी म्हणजे आपल्यातल्याच कुणाची तरी! शोधत असेल बिचारी! मासोळीचा फोटो काढला, रोल धुवून तो भलामोठा करून आणला आणि सँडरिंगहॅमच्या भारतीय वाण्याकडे भाज्यांच्या वर चिकटवला. खाली मराठीत मजकूर आणि फोन नंबर. मग फोन वाजला की धावायचे. विमा विकणारे बिचारे फुकट शिव्या खायचे.

एका शनिवारी फोन करून एक बाई देवस्थळींकडे आल्या. नर्स होत्या, थेट ड्यूटीवरून आलेल्या. मी तिथेच चहा पीत होतो.

"या! इतकी सुंदर वस्तू, आणि अशी हेळसांड?" देवस्थळींनी कापसात ठेवलेली मासोळी पुढे केली.

बाईंनी हात लावला नाही.

"काका, ती हरवली नव्हती. मिस्टर गेल्यावर मीच समुद्रात फेकली होती. मी न्यायला नाही आले. तेवढा फोटो काढाल का तिथून? दर आठवड्याला कोथिंबीर घ्यायला जाते आणि समोर तोच. हीप्स वेळा, कितीतरी वेळा वाटलं, आपणच फाडावा. पण खाली तुम्ही लिहिलंय, 'फार मायेने दुरुस्त केली आहे'. मग हात धजेना."

बाई गेल्या तसे देवस्थळी गाडीची किल्ली घेऊन निघाले, चहा तसाच टाकून. दुकान बंद व्हायच्या आत फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी ते मला समुद्रावर घेऊन गेले. ओहोटी होती. पार आत जाऊन त्यांनी खड्डा खणला, मासोळी तळाशी ठेवली, वाळू लोटली आणि वरून मशीन फिरवलं. वाजलं. पुन्हा उकरून आणखी खोल गेले. पुन्हा वाजलं. हा माणूस गुडघे टेकून, खांद्यापर्यंत हात घालून खणत होता, आणि मला त्याचा राग येईना, याचाच राग येत होता.

शेवटी हेडफोन काढून त्यांनी माझ्या कानांवर चढवला आणि मशीन सावकाश फिरवलं.

"येतोय आवाज?"

"नाही."

"नीट ऐका हो," ते म्हणाले. "उद्या माझ्यासारखाच कुणी यायचा."